सर्व्हर बदलला, पण पत्ता?

मालवणातून बोलतोय. आजचा विषय: डेटाबेस अपग्रेड करताना कनेक्शन सेटिंग्ज कशा सांभाळायच्या.

आधी माझी चूक सांगतो. ओळखीतल्या एका होमस्टेचं बुकिंग ॲप मी सांभाळतो. ऐन मे महिन्यात पोस्टग्रेस अपग्रेड करायला घेतलं. उबंटूवर जुन्या व्हर्जनशेजारी नवीन बसवलं, की ५४३२ पोर्ट जुन्याकडेच राहतो आणि नव्याला ५४३३ मिळतो. मी डेटा हलवला, वेबसाइटची सेटिंग बदलली आणि निवांत झोपलो. पण फोनवरची बुकिंग नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट ५४३२ वरच लिहीत राहिली. जुना सर्व्हर चालूच होता, त्यामुळे एरर काहीच नाही! चौथ्या दिवशी काकींचा फोन: "रे, पावणे दारात उभे आसत, आता खोली खंयसून आणू?" एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली होती.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो.

एक, पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड एकाच ठिकाणी, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. अपग्रेडआधी सगळ्या कोडमध्ये जुना पोर्ट शोधायचा, क्रॉनच्या स्क्रिप्टसकट.

दोन, कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारी पीजी-एचबीए फाइल पीजी-अपग्रेड आपणहून नेत नाही. ती जपून ठेवा, नव्या फाइलशी ताडून बघा. लॉगिन होत नाही म्हणून तिथे 'ट्रस्ट' लिहू नका. म्हणजे दार सताड उघडं, पासवर्ड विचारलाच जात नाही.

तीन, व्हर्जन १४ पासून नवे पासवर्ड डीफॉल्टने स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात. जुना ड्रायव्हर ते ओळखत नसेल तर कनेक्शन होणार नाही. म्हणून आधी ड्रायव्हर अपडेट करा.

चार, सर्वात महत्त्वाचं. आधी ॲप बंद, मग जुन्या सर्व्हरवर पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी बघा. कोण जोडलेलं आहे ते तिथे दिसतं. सगळे सुटले की बॅकअप घ्या, डेटा हलवा आणि जुना सर्व्हर बंद करा. डेटा पुसू नका, फक्त बंद. मग विसरलेली स्क्रिप्ट लगेच एरर देईल. गप्प चुकण्यापेक्षा ओरडून पडलेलं बरं!

आणि हो, आता अपग्रेड पावसाळ्यात. किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा बुकिंगही कमी. भेटू पुढच्या भागात!