चंपेचा राजा प्रकाशधर्म

आजच्या व्हिएतनामच्या मध्यभागीं थू-बोन नदीचें खोरें आहे. सातव्या शतकांत तेथें चंपा नांवाचें राज्य होतें. चिनी इतिहासकार त्याला लिन-यी म्हणत. त्रा-किएऊ येथें राजधानी आणि डोंगरांनीं वेढलेल्या मी-सोन येथें राजकुलाचीं शिवमंदिरें, अशी तेथील रचना होती. या राज्याच्या गादीवर इ. स. ६५३ मध्यें प्रकाशधर्म बसला व त्यानें विक्रांतवर्मा हें नांव धारण केलें. त्याचा वारसा मात्र सरळ नव्हता.

त्याच्या पूर्वी चंपेनें मोठी आपत्ति सोसली होती. शंभुवर्मा राज्य करीत असतां, ६०५ सालीं, चिनी सेनापति ल्यू फांग यानें राजधानी लुटली. राजवंशांतील पूर्वजांच्या १८ सुवर्णपट्टिका व १,३५० बौद्ध ग्रंथ त्यानें उचलून नेले. शंभुवर्म्यानें आगींत नष्ट झालेलें मी-सोनचें भद्रेश्वरमंदिर पुन्हा उभारलें आणि देवाला शंभुभद्रेश्वर असें नांव दिलें. त्याच्यामागून पुत्र कंदर्पधर्म गादीवर आला. परंतु कंदर्पधर्माचा मुलगा प्रभासधर्म ६४५ सालीं प्रधानाकडून मारला गेला आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला.

प्रकाशधर्माचा पिता जगद्धर्म हा कंदर्पधर्माच्या कन्येच्या वंशांतला. तो कंबुजदेशांतील भवपुरास गेला आणि तेथें राजा ईशानवर्मा याच्या शर्वाणी नांवाच्या कन्येशीं त्याचा विवाह झाला. त्यांचा पुत्र तो प्रकाशधर्म. असा हा राजा पित्याकडून स्त्रीवंशानें चंपेचा, तर मातेकडून परराज्याचा होता. आपला हक्क त्याला सांगावा लागला आणि तो त्यानें शिळेवर कोरून सांगितला.

मी-सोन येथील इ. स. ६५८ चा त्याचा संस्कृत शिलालेख या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. त्यांत चंपेचा पूर्वज गंगाराज हा गंगादर्शनासाठीं राज्य सोडून गेल्याचें सांगून पुढील वंशावळ दिली आहे. मग लेख मातृकुलाकडे वळतो. द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला कौंडिण्य ब्राह्मणानें भवपुरीं रोवला आणि सोमा नांवाच्या नागकन्येशीं विवाह केला, अशी कथा तेथें येते. या कथा केवळ अलंकार नव्हेत. दोन्ही कुळें थोर आहेत, हें प्रजेला व शेजाऱ्यांना पटवून देणारा तो पुरावा होता. ज्या राज्यांतून पूर्वजांच्या सुवर्णपट्टिका शत्रूनें नेल्या, तेथें शिळेचें मोल निराळें सांगावयास नको.

वंशाचा प्रश्न असा मांडून प्रकाशधर्मानें राज्य स्थिर केलें. चीनकडे त्यानें ६५३, ६५४, ६६९ व ६७० या सालीं वकिलाती पाठविल्या. दक्षिणेस खान्ह-होआ भागांतही त्याचा लेख सांपडला आहे. शिवाप्रमाणेंच विष्णु व कुबेर यांच्याही नांवें त्यानें दानें दिलीं. त्रा-किएऊ येथें तर त्यानें आदिकवि वाल्मीकीचें पूजास्थान स्थापिलें. त्या लेखांत शोकांतून श्लोक जन्मल्याचा उल्लेख आहे. देवांच्या मालिकेंत कवीला असा मान देणारा राजा विरळाच.

ही संस्कृत नांवें पाहून पूर्वीचे कांहीं विद्वान् चंपेला भारतीय वसाहत म्हणत. आजचे इतिहासकार तसें मानीत नाहींत. चाम भाषा मलय भाषेच्या कुळांतली आहे, आणि तिचा चौथ्या शतकांतील मानला जाणारा लेख याच खोऱ्यांत मिळाला आहे. परदेशी सैन्यानें हे देव लादलेले नसून स्थानिक राजांनीं ते आपल्या गरजेनें स्वीकारले. कन्येच्या वंशाला मिळालेलें महत्त्वही त्या समाजाशीं सुसंगत दिसतें. दक्षिण व्हिएतनाममधील चाम लोकांत वंश आईकडून मोजण्याची चाल आजही आहे.

मी-सोनचे लेख फ्रेंच पंडित लुई फिनो यांनीं १९०४ सालीं प्रसिद्ध केले. १९६९ सालच्या अमेरिकन बाँबहल्ल्यांत तेथील सर्वांत भव्य मंदिर कोसळलें. १९९९ सालीं युनेस्कोनें तें स्थान जागतिक वारशांत नोंदविलें. प्रकाशधर्माची राजधानी गेली, राज्यही गेलें. परंतु आपण कोण व कोणाचे, हें सांगणारें त्याचें वाक्य अजून वाचतां येतें. ज्याचा हक्क वादाचा होता, त्याच राजाचें कुळ आज इतक्या तपशिलानें ठाऊक आहे.