आधी गच्ची पाहा, मग सौरपॅनेल घ्या!
मैत्रिणींनो, सेनगावच्या उन्हात पापड-कुरडया वाळत घालताना गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यावर केव्हा सावली येते, हे घरात तुम्हांलाच ठाऊक! सौरपॅनेल बसवताना हीच जाण कामी येते. एका पॅनेलवर टाकीची सावली पडली, तरी सोबत जोडलेल्यांचीही वीज घटू शकते. म्हणून डिसेंबरात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, सावल्या पाहून ठेवा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण 20 अंश असावा. एका किलोवॅटला 100 चौरस फूट तरी जागा लागते. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज मिळते. घर माळवदाचं असेल, तर भार पेलेल का, ते आधी तपासून घ्या. मोठा आकार गळ्यात मारून घेऊ नका. वर्षाची बिलं पाहूनच ठरवा. अन् हो, वाळवणापुरती जागा राखा बरं का!