विंचू चावल्यावर नसा ‘बंद’ का होत नाहीत? समजून घ्या पेशीवरच्या पोटॅशियमच्या दारांचं काम

पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरला की महाड. या भागातला लाल विंचू दिसायला लहान, पण दंश जीवघेणा. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, त्या काळात गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी ४०च्या आसपास दगावत.

हे विष नेमकं करतं काय?

मज्जापेशीच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात. संदेश येतो तेव्हा आधी सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत शिरतो आणि पेशीची आतली बाजू धनभारित होते. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी पुन्हा शांत होते. थोडक्यात, पोटॅशियमचं दार हा नसेचा ब्रेक.

हे दार चार सारख्या तुकड्यांचं, मधून भोक असलेलं. प्रत्येक तुकड्यात धनभारित पट्टी असते. आतला धनभार वाढला की ती बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि तिच्या ओढीने आतल्या तोंडाची फट उघडते. भार उतरला की फट मिटते. बाहेरच्या तोंडाशी मात्र अरुंद चाळणी असते. पोटॅशियमचा आयन एरवी पाण्याच्या रेणूंनी वेढलेला. चाळणीतले ऑक्सिजन अणू नेमक्या त्याच अंतरावर असल्याने तो पाणी सोडून सहज आत येतो. सोडियम आकाराने लहान, तरी अडतो. त्या ऑक्सिजनपर्यंत त्याचा हात पुरत नाही म्हणा ना! रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये अशा दाराची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली. २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता विंचू. आपल्याच लाल विंचवाच्या विषात ‘आयबेरियोटॉक्सिन’ नावाचं ३७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन सापडलं. ते दार मोडत नाही, बाटलीला बूच लावावं तसं बाहेरच्या तोंडावर बसतं. पोटॅशियमच्या एका विशिष्ट प्रकारच्या दारावरच ते बसतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्या दाराच्या अभ्यासासाठी ते वापरतात. (कोकणात ज्याच्या भीतीने चपला झटकून घालतात, त्याचीच ही देणगी.)

माणूस दगावतो तो एकट्या या बुचामुळे नव्हे. विषातले दुसरे घटक सोडियमची दारं मिटू देत नाहीत. एकीकडे अॅक्सिलरेटर दाबलेला, दुसरीकडे ब्रेक अडलेला. नसा संदेश सोडत राहतात, ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं.

डॉ. बावस्करांनी नेमकं इथे बोट ठेवलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं, रक्तदाबावरचं ‘प्राझोसिन’ हे औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या घरात आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ही गोळी घरात ठेवून स्वतःच घ्यायची नाही. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. जखम कापणं, मंत्र-उताऱ्यात रात्र घालवणं हेही नको. घाम आणि गार हातपाय दिसताच थेट दवाखाना गाठा. कारण प्राझोसिन परिणाम आवरतं, दारांपर्यंत न पोहोचलेलं विष पकडतं ते प्रतिविष. महाडला झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत लक्षणमुक्त झाले. फक्त प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८.