गळा आणि गल्ला

संगीत हा आमचा प्रांत नव्हे. आमचे आयुष्य हजेरीपट, बोनस, पगारवाढ आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या हिशेबात गेले. तेव्हा एका गायकाच्या उदयास्तावर आम्ही का बोलावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आमचे उत्तर एवढेच की, गाणारा मुलगा हाही एक कामगार असतो. ही गोष्ट रसिक विसरतात, आईबाप विसरतात आणि टाळ्यांच्या कडकडाटात तो मुलगाही विसरतो. या विसराची किंमत फार मोठी असते, आणि ती शेवटी एकटा तोच भरतो.

कोवळ्या वयात कीर्तीच्या शिखरावर चढलेला गायक पुढे खाली का येतो, याची दोन उत्तरे लोकांच्या तोंडी असतात. एक, नशीब फिरले. दुसरे, डोक्यात हवा गेली, व्यसन लागले. ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि सोप्या उत्तरांविषयी सावध राहावे हे आम्ही चळवळीत शिकलो. गिरणी बंद पडली की, ‘कामगार आळशी होते’ असे सांगणारेही असतातच. म्हणून आम्ही एक खरे उदाहरण घेऊन त्याचा जमाखर्च मांडणार आहोत. ते उदाहरण म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकर.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशी येथे झाला. आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या. घरात गाणे होते, पैसा नव्हता. गळा असा की, लहानपणीच ऐकणारे थक्क होत. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत आला, आणि पाहता पाहता महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत झाला.

आता मुलगाच का हवा होता, ते समजून घेतले पाहिजे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या. शकुंतला, सुभद्रा, भामिनी या भूमिका पुरुषांनीच करायच्या. त्यामुळे गोड, उंच स्वराचा आणि देखण्या चेहऱ्याचा मुलगा ही प्रत्येक मंडळीची गरज होती. प्रेक्षक तिकीट काढत ते त्याच्यासाठी. किर्लोस्कर मंडळीत ही जागा प्रथम भाऊराव कोल्हटकरांनी गाजवली. ते १९०१ साली वारले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी वेगळे होऊन स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि जागा पुन्हा रिकामी झाली. त्या रिकाम्या जागेवर दीनानाथ आले.

‘रिकामी जागा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. रसिकाला वाटते की, असा गायक आभाळातून पडतो. कंपनीच्या वहीत मात्र ती एक भरायची जागा असते. जागा आधी असते, मुलगा मागून येतो. आणि मुलगा गेला तरी जागा राहते. नामवंत बालकलाकाराच्या आयुष्यातले पहिले सत्य हे आहे. लोक ज्याच्यावर लुब्ध होतात तो तो असतो खरा, पण धंद्याला त्याचा गळा हवा असतो, तो नव्हे.

दीनानाथांच्या ठिकाणी दुसरा कोणी असता तर त्या जागेवरच तृप्त झाला असता. पण त्यांची बुद्धी स्वतंत्र होती. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या करड्या गुरूची विद्या त्यांनी घेतली. बालगंधर्वांच्या मधुर, ठाय गायकीची नक्कल न करता झेपावणारी तान, पंजाबी वळणाच्या हरकती आणि अंगावर येणारा तेजस्वी स्वर त्यांनी नाट्यगीतात आणला. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर ते किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. म्हणजे अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर हा मुलगा चाकराचा मालक झाला.

या मंडळीचा आणि आपल्या विदर्भाचा ऋणानुबंध मोठा आहे. राम गणेश गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ याच मंडळीसाठी लिहिले. नागपूरजवळ सावनेर येथे ते अखेरच्या आजारात होते, तेव्हा ते नाटक पुरे झाले. २३ जानेवारी १९१९ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. त्यातील लतिकेची भूमिका दीनानाथांनी गाजवली. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभी’ १९२७ साली याच मंडळीने आणले. परकी सत्तेच्या काळात त्यातल्या तेजस्विनीच्या तोंडची पदे दीनानाथांच्या आवाजात ऐकताना प्रेक्षकांना ती नाटकातली वाटत नसत. १९३१ साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आले. हा झाला उदय.

आता अस्ताकडे वळू. पण त्याआधी नाटक मंडळी हा धंदा कसा चाले, ते पाहिले पाहिजे.

नाटक मंडळी म्हणजे फिरता कारखाना. नट, साथीदार, रंगपटातले, पडदे ओढणारे, आचारी आणि वाढपी असे शेपन्नास माणसांचे बिऱ्हाड. दोन वेळची पंगत रोज उठायची. पडदे, पोशाख, पेट्या यांचे सामान आगगाडीने आणि बैलगाडीने या गावाहून त्या गावी न्यायचे. खर्च रोजचा आणि ठरलेला. उत्पन्न मात्र खेळ होईल त्या रात्रीचे. मुख्य नटाचा घसा बसला की खेळ बंद, पण पंगत बंद नाही. मग सावकार. पुढच्या मुक्कामाच्या उत्पन्नावर मागच्या मुक्कामाचे देणे फेडायचे, असा हा संसार. कापूस विकल्यावर कर्ज फेडू म्हणणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको.

या सगळ्या डोलाऱ्याखाली आधार कशाचा? एका गळ्याचा. दीनानाथ मालक झाले हे खरे, पण त्यांचे भांडवल गळ्यातच राहिले. गिरणीमालकाला रात्री झोप लागली तरी त्याचा माग चालतो. गाणाऱ्या मालकाचा माग तो स्वतःच असतो. मालकाची जोखीम आणि मजुराचे कष्ट ही दोन्ही ओझी एकाच मानेवर आली. चाकर असताना निदान पगाराची तारीख तरी ठरलेली असते.

अशा वेळी १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला, आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू लागला. पन्नास वर्षे जी गोष्ट नाटक मंडळीजवळच होती, ती, म्हणजे गाणारा आणि बोलणारा नट, आता डब्यात भरून कुठल्याही गावी पाठवता येऊ लागली. शेपन्नास माणसांच्या बिऱ्हाडाचे काम फितीचे चार डबे करू लागले. नाटकगृहांच्या मालकांनी भाड्याचा हिशेब केला आणि पडद्याच्या जागी पांढरा पडदा लावला. यात कोणाचे पाप नव्हते. हातमागाचे जे झाले तेच झाले.

नाटकवाल्यांना वाटले की, आपणही बोलपट काढू. बळवंत मंडळीने सांगलीत चित्रसंस्था उभारली आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. त्याला अपेक्षित यश लाभले नाही. येथे धंद्याचा फरक ध्यानात घ्यावा. नाटक पहिल्या रात्री पडले तर दुसऱ्या दिवशी तालीम घेऊन सुधारता येते. एखादे पद गाळता येते, एखादे घालता येते. आणि पैसा त्याच रात्री गल्ल्यात येतो. बोलपटात सगळा पैसा आधी ओतायचा, फीत एकदा तयार झाली की ती सुधारायची सोय नाही, आणि उत्पन्न आले तर वितरक आणि थिएटरवाला आपापला वाटा काढून उरेल ते. शिवाय दीनानाथांचे खरे बळ समोर बसलेल्या माणसाला पाहून गाण्यात होते. ‘वन्स मोअर’ आला की तेच पद ते नव्या अंगाने फुलवत. पडद्याला ‘वन्स मोअर’ देता येत नाही.

मंडळी कर्जात बुडाली आणि मोडली. दीनानाथांच्या अखेरच्या वर्षांत गरिबी आली, मद्य आले, प्रकृती ढासळली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण क्रम ध्यानात घ्यावा, असे आमचे सांगणे आहे. आधी धंदा मोडला आणि मग माणूस मोडला. लोक हा क्रम उलटा सांगतात, कारण उलटा सांगितला की कोणालाच जबाबदार राहावे लागत नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकेचाळीस.

कोणी म्हणेल, हा एकट्या दीनानाथांच्या स्वभावाचा दोष असेल. मग बालगंधर्वांकडे पाहा. स्वभाव वेगळा, गायकी वेगळी, लोकप्रियता तर त्याहून मोठी. तेही कर्जात बुडाले. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली, पण पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही आणि ते रंगभूमीवर परतले. ती रंगभूमी तोवर उतरणीला लागली होती. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६७ साली ते गेले. मधली वर्षे हलाखीची होती. दोन भिन्न माणसे एकाच खड्ड्यात पडली, तर दोष पावलांचा की रस्त्याचा?

आणि हा रस्ता आपल्याच मुलखातला आहे असेही नाही. अमेरिकेत फ्रँकी लायमन नावाचा तेरा वर्षांचा काळा मुलगा १९५६ साली एका गाण्याने घराघरांत पोचला. वयाबरोबर आवाज फुटला, कंपन्यांचे लक्ष दुसरीकडे गेले, आणि १९६८ साली पंचविसाव्या वर्षी अमली पदार्थाने त्याचा बळी घेतला. त्याच देशात चार्ली चॅप्लिनबरोबर ‘द किड’ या १९२१ सालच्या चित्रपटात झळकलेला जॅकी कूगन मोठा झाल्यावर आपली मिळकत मागू लागला, तेव्हा आईने आणि सावत्र बापाने ती बहुतेक उडवली असल्याचे निघाले. त्यातूनच १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकाराच्या मिळकतीचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला. एका मुलाचे नुकसान झाले तेव्हा पुढच्या मुलांना कायदा मिळाला. कामगारांचे बहुतेक कायदे असेच जन्मले आहेत.

आपल्याकडे ही लढाई पुढे नेली ती दीनानाथांच्याच मुलीने. वडील गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या, आणि घरातल्या सर्वांत थोरल्या. घर चालवण्यासाठी त्यांना त्याच वर्षी चित्रपटांत काम धरावे लागले. पुढे १९६०च्या सुमारास त्यांनी पार्श्वगायकाला स्वामित्वधनाचा वाटा मिळावा, अशी मागणी धरली. मोहंमद रफींचे म्हणणे असे की, गायकाने पैसे घेतले, तिथे त्याचा हक्क संपला. यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद ठेवले. कामगार चळवळीच्या भाषेत सांगायचे तर एक बाजू मजुरीची होती आणि दुसरी वाट्याची. रफीसाहेबांच्या सज्जनपणाविषयी शंका नाही; पण ज्या घरात गळा बंद पडल्यावर चूल बंद पडलेली पाहिली, त्या घरातली मुलगी वाट्याची बाजू का घेते, हे समजायला कठीण नाही.

कायद्याला तिथवर यायला फार वेळ लागला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलावंताचा हक्क १९९४ साली आला, आणि ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाल्यास गायकाला स्वामित्वधन मिळावे, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली. मुलांच्या बाबतीत २०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला काम करण्यास बंदी झाली, पण करमणुकीच्या धंद्यातल्या बालकलाकाराला अटींवर सूट मिळाली. २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांहून अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मिळकतीतले निदान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचे. नियम चांगले आहेत. पण ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी नियम नसल्यासारखाच असतो.

आज नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाची वाट पाहावी लागत नाही. मानोऱ्याचा किंवा रिसोडचा एखादा पोर मोबाइलपुढे गातो आणि संध्याकाळपर्यंत हजारो माणसे त्याला ऐकतात. दूरचित्रवाणीच्या स्पर्धा दर वर्षी नवे नाव वर काढतात. जागा तीच आहे, फक्त ती आता दर हंगामाला रिकामी होते. आम्ही कोणाच्या मुलाला गाऊ नको म्हणणार नाही. दीनानाथ गायले नसते तर महाराष्ट्र दरिद्री राहिला असता. आम्ही आईबापांना एवढेच सांगतो की, करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. रोज किती तास काम? शाळेचे काय? ठेव कोणत्या बँकेत, कोणाच्या नावे? आणि हे गाणे दहा वर्षांनी वाजले तर त्याचा पैसा कोणाकडे जाणार? हे प्रश्न विचारणारा बाप कलेचा शत्रू ठरत नाही. जिनिंगमध्ये मुलाला पाठवताना तो हेच विचारील.

विलेपार्ल्याच्या नाट्यगृहाला आज दीनानाथांचे नाव आहे. ते योग्यच झाले. पण माणूस गेल्यावर इमारतीला नाव देणे सोपे असते. तो गात असताना त्याच्या म्हातारपणाची तजवीज करणे अवघड. टाळी वाजवणाऱ्या हातांनी हे दुसरे कामही अंगावर घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.