लकवा झालेला माणूस घरी येतो तेव्हा



ऊस विकास विभागाच्या पानावर लागण, खोडवा, ठिबक यापलीकडचे आम्ही सहसा लिहीत नाही. पण ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना लकवा, म्हणजे अर्धांगवायू, झालेली माणसे बरीच भेटतात. दवाखान्यातून काठी टेकीत घरी आलेला माणूस पुढच्या नोंदीच्या वेळी बाजेला खिळलेला दिसतो. याचे कारण पुष्कळदा आजारात नसते, घरात असते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

लकव्यात हातपाय बिघडत नाहीत. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिथून निघणारा हुकूम हातापर्यंत पोचत नाही. मोटार धड, पण वायर तुटलेली, असे समजा. मात्र मेंदूचा शाबूत भाग सरावाने बरेच काम अंगावर घेऊ शकतो. पहिल्या काही महिन्यांत ही सुधारणा झपाट्याने होते, पुढे सावकाश होत राहते. तेव्हा घरी आल्यावर घास हाताने खाणे, सदरा घालणे, उठून मोरीपर्यंत जाणे ही नुसती कामे नसून तेच औषध आहे.

ही गोष्ट शास्त्र म्हणून आपल्या देशात शिकवायला सुरुवात केली ती कमलाताई निंबकर यांनी. बाई मूळच्या अमेरिकन. फलटणचे शेतीतज्ज्ञ बी. व्ही. निंबकर यांच्या मातोश्री. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची, देशातली पहिली शाळा काढली. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगामही १९५०-५१ चाच. आज आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालये रुग्णालयांसह आहेत. व्यायाम शिकायला मुंबई-पुण्यालाच गेले पाहिजे असे राहिलेले नाही.

माणूस किती सुधारला हे मोजायला डॉक्टर मंडळी १०० गुणांचा एक तक्ता वापरतात. माहोनी आणि बार्थेल या दोघींनी तो अमेरिकेत १९६५ साली छापला. त्यात दहा कामे आहेत : जेवण, अंघोळ, तोंड धुणे-दाढी, कपडे, शौच व लघवीवरचा ताबा, संडासला जाणे, खाटेवरून खुर्चीवर बसणे, चालणे आणि जिना. सगळ्यात जास्त, १५-१५ गुण, खाटेवरून उठून बसण्याला आणि चालण्याला आहेत. अंघोळीला फक्त ५. पण १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असे नाही, हे तक्ता करणारांनीच लिहून ठेवले आहे. बोलणे, हिशेब, औषध आठवणे यांना त्यात गुणच नाहीत. शिवाय दवाखान्यातली जमीन सपाट, खाट उंच, संडास खुर्चीचा. आपल्याकडे उंबरा, शहाबादी फरशी, खोलगट बाज आणि संडास अंगणापलीकडे. तिथे ८० गुण मिळवलेला गडी इथे ५० वर येतो.

म्हणून माणूस आणण्याआधी चार दिवस घर बघावे. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील एवढी, गुडघ्याइतक्या उंचीची टणक खाट हवी. ती अशी लावावी की उतरताना त्याची चांगली बाजू मोकळी राहील. मोरीच्या आणि संडासच्या भिंतीत जुन्या जीआय पाइपाचा हातभर तुकडा पक्का बसवून घ्यावा. तो प्रत्येक वस्तीवर पडलेला असतो. खाली बसता येत नसेल तर भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते. अंघोळ स्टुलावर बसून. सपाता पायातून निसटतात, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. रात्री लाईट जाते, तेव्हा उशाशी बॅटरी ठेवावी.

कपडे घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. पायरी चढताना चांगला पाय पुढे, उतरताना अधू पाय. काठी चांगल्या हातात. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. आडवे ठेवून चहा-पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. अधू हाताला चटका कळत नाही, म्हणून चुलीपासून जपावे. कबुतराच्या रक्ताने मालीश करणारे अजून भेटतात. त्याचा उपयोग नाही, दिवस मात्र वाया जातात.

सगळ्यात अवघड भाग सुनांचा आणि मुलांचा. बापाला सदरा घालायला पंधरा मिनिटे लागतात, आपण घातला तर एका मिनिटात होतो. ऊसतोड चालू असेल तर कोणाला दम निघणार? आणि वर गावकरी म्हणतात, पोरं म्हाताऱ्याला राबवतात. म्हणू द्यावे. पंधरा मिनिटे त्याची त्याला द्यावीत, हात फक्त पडण्यापुरता जवळ ठेवावा. घरची बाई आजारी असेल तर एका हाताने शेंगा फोडणे, भाजी निवडणे तिच्याकडे द्यावे. रडू पटकन येते, राग येतो, जेवण टाकतात. हाही आजाराचाच भाग असू शकतो, डॉक्टरांना सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नयेत. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

आता आमच्या खात्याशी संबंधित एक बाब. उजवा हात गेला की सही जुळत नाही आणि उसाचे बिल बँकेत अडकते. अशा खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी लागतो. माणूस घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात शाखेत जाऊन हे विचारून घ्यावे. तोडीची नोंद कोणाच्या नावे आहे हेही त्याच वेळी गट ऑफिसात पाहावे.