थंडीत डिझेल पिकअप सुरू होत नाही? आधी आवाज ऐका, मग धूर बघा


पवईच्या सोसायट्यांना भाजी सकाळीच लागते. निफाडहून पिकअप पहाटे निघाली नाही, तर मेथी-कोथिंबीर वाटेतल्या उन्हात मान टाकते, नुकसान आपलंच. निफाडला पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. थंड इंजिनात ती उष्णता कमी पडते.

१. चावी ऑन करा. स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारा.
२. नुसती टकटक, किंवा इंजिन जड फिरतंय: बॅटरी बघा. टर्मिनलवरची पूड साफ करून घट्ट करा.
३. इंजिन जोरात फिरतंय, पांढरा धूर येतोय: डिझेल पोचतंय, पेटत नाही. हीटर प्लग तपासून घ्या.
४. धूरच नाही: डिझेल पोचत नाही. फिल्टरमधलं पाणी काढा, हातपंपाने लाइनमधली हवा काढा.

स्टार्टर एका वेळी १० सेकंदच, मग अर्धा मिनिट थांबा. टाकीखाली जाळ नको, डिझेलमध्ये रॉकेल नको.

स्टार्टर संध्याकाळीच जड वाटला तर तेव्हाच बॅटरी दाखवा. पहाटे ३ ला मेकॅनिक मिळत नाही. हा मेसेज ड्रायव्हरलाही पाठवा.