बिंदूला बिंदू : संगणकाचे चित्र टीव्हीवर नितळ कसे उमटते

फोर-के टीव्हीच्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० बिंदू असतात. लॅपटॉपची एचडीएमआय केबल टीव्हीला जोडली, की यातल्या प्रत्येक बिंदूचा लाल, हिरवा आणि निळा किती, हा हिशेब संगणक सेकंदाला ६० वेळा पाठवू लागतो. एका बिंदूला २४ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे १,१९४ कोटी बिट होतात. केबलच्या प्लगमध्ये १९ पिना असतात आणि चित्राचा हा सारा लोंढा तारांच्या अवघ्या तीन जोड्यांतून वाहतो. चांगल्या केबलमधून तो तासन्‌तास डोळ्यांना दिसेल अशी एकही चूक न होता पलीकडे पोचतो.

तरीही पडद्यावरची अक्षरे फुगीर दिसतात, विंडोजची खालची पट्टी कापली जाते आणि काळा रंग राखाडी वाटतो. मग केबलवर संशय येतो आणि सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घरी येते. चित्रात काडीचाही फरक पडत नाही, कारण दोष वाटेत नसतोच. चित्र टीव्हीपर्यंत धडधाकट पोचलेले असते. त्यानंतर टीव्ही त्यावर स्वतःचे संस्कार करतो. हे यंत्र घडले तेच मुळी हवेतून आलेले, वाटेत मार खाल्लेले प्रक्षेपण सावरून घेण्यासाठी. संगणकाच्या चित्राला सावरण्याची गरज नसते. संगणकाचा एक बिंदू पडद्याच्या एका बिंदूवर जसाच्या तसा उतरला, की त्याहून चांगले चित्र त्या पडद्यावर शक्यच नाही. त्यासाठी टीव्हीच्या काही जुन्या सवयी एकेक करून बंद कराव्या लागतात, आणि त्या सवयींचा इतिहास फार विलक्षण आहे.

१९७७ चा ॲपल टू असो, की १९८२ चे कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम असोत, हे संगणक घरातल्या टीव्हीलाच पडदा मानून बनवले होते. स्पेक्ट्रमच्या आत एक छोटा मोड्युलेटर असे. तो संगणकाच्या चित्राला प्रक्षेपणाच्या लहरींचे रूप देई. केबल टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचायची आणि यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर ट्यूनिंग करायचे. टीव्हीच्या लेखी तो संगणक म्हणजे आणखी एक प्रक्षेपण केंद्र होते. (भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला.) या मार्गाने फार बारकावा जाऊ शकत नसे. अमेरिकी टीव्हीत चित्राच्या उजेड-अंधारासाठी जेमतेम ४.२ मेगाहर्ट्झ एवढीच जागा होती. एका ओळीत ८० अक्षरे मांडली, तर ती एकमेकांत मिसळून जात. ॲपल टू ४० अक्षरांवर थांबला आणि स्पेक्ट्रम ३२ वर, याचे एक कारण हेच. स्टीव्ह वोझ्नियाक यांनी मात्र या अडचणीतूनच एक थक्क करणारी युक्ती काढली. त्यांनी ठिपके अशा नेमक्या अंतराने पाठवले, की ३.५८ मेगाहर्ट्झवर रंगाचा संकेत शोधणाऱ्या टीव्हीला त्या ठिपक्यांतच रंग सापडावा. वेगळे खर्चिक सर्किट न लावता ॲपल टूला रंग मिळाले ते असे.

आता कडा कापल्या जाण्याची गोष्ट. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरत चित्र काढी. विजेचा दाब वर-खाली झाला किंवा ट्यूब जुनी झाली, की चित्राचा आकार बदले आणि कडेला काळी पट्टी दिसू लागे. ती दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे ठेवत. काठावरचा भाग चौकटीमागे दडून जाई आणि कार्यक्रम बनवणारे शीर्षके आत सरकवून ठेवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आजच्या सपाट पडद्यात ना झोत आहे ना ट्यूब, तरी कितीतरी टीव्ही आलेल्या चित्राच्या कडा कापतात आणि उरलेले चित्र ताणून पडदा भरतात.

देवनागरी वाचणाऱ्याला याचा त्रास लगेच जाणवावा. समजा १,०८० ओळींच्या चित्रातून पाच टक्के कापले गेले आणि उरलेल्या १,०२६ ओळी १,०८० ओळींवर ताणल्या गेल्या. संगणकाने शिरोरेखा नेमकी एका बिंदूएवढी जाड काढलेली असते. ताणल्यावर ती कधी पडद्याच्या एका ओळीवर बरोबर बसते, तर कधी दोन ओळींच्या मध्ये पडते आणि दोन्हींवर अर्धी अर्धी पसरून करडी होते. एकाच परिच्छेदातल्या एका ओळीची शिरोरेखा ठसठशीत आणि तिच्याखालच्या ओळीची मलूल दिसली, तर ओव्हरस्कॅन चालू आहे असे खुशाल समजावे. तो रिमोटवरून बंद होतो. एलजीच्या अनेक टीव्हींत त्या सेटिंगला ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, तर सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून चित्र आकसून घेण्याचा सल्लाही मिळतो, पण तो घेऊ नये. त्याने चित्र आधी संगणकात आकसते आणि मग टीव्हीत ताणले जाते. कडा दिसू लागतात, पण अक्षरांचे दुहेरी नुकसान होते.

ट्यूबचा आणखी एक अवशेष थेट केबलमध्ये आहे. झोत एका ओळीच्या शेवटाला पोचला, की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परतायला त्याला थोडा वेळ लागे, म्हणून प्रत्येक ओळीनंतर चित्राविना मोकळी जागा सोडत. एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. तो सिलिकॉन इमेज या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबर हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या टीव्ही बनवणाऱ्यांनी मिळून केला होता. साहजिकच त्यात टीव्हीची रीत उतरली. १,९२० बाय १,०८० चे चित्र केबलमधून जाते ते २,२०० बाय १,१२५ च्या चौकटीत, आणि फोर-के चित्र ४,४०० बाय २,२५० च्या. झोत गेला, पण त्याच्या परतीची वेळ राहिली. त्या मोकळ्या वेळात आता आवाज पाठवतात.

या चौकटीचा गुणाकार करून पाहावा. ४,४०० गुणिले २,२५० गुणिले ६०, म्हणजे ५९.४ कोटी. प्रत्येक बिंदूचे तीन रंग तीन जोड्यांतून जातात आणि वाटेतल्या विद्युत गोंधळाला तोंड देता यावे म्हणून दर ८ बिटांचे १० बिट करून पाठवले जातात. हिशेब सेकंदाला १,७८२ कोटी बिटांवर येतो. २०१३ च्या एचडीएमआय २.० ची क्षमता १,८०० कोटी ठेवली ती यामुळे. फोर-के त्यात जेमतेम मावते. त्याआधीच्या १.४ आवृत्तीची क्षमता होती १,०२० कोटी. तेवढ्यातही साठ चित्रे बसवायची, तर काहीतरी टाकावे लागणार. टाकला जातो तो रंग.

१९३८ मध्ये जॉर्ज व्हालन्सी या फ्रेंच अभियंत्याने चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग वेगवेगळे पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट नोंदवले होते. त्यामुळे जुन्या कृष्णधवल संचांना फक्त उजेड घेऊन चित्र दाखवता येणार होते. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारकावा टिपता येतो तितका रंगातला टिपता येत नाही, म्हणून रंग भरड पाठवला तरी चालतो, ही गोष्टही पुढच्या अभियंत्यांनी हेरली. आज तीच कल्पना ४:४:४, ४:२:२ आणि ४:२:० या आकड्यांत जगते आहे. पहिल्यात प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग असतो, दुसऱ्यात शेजारच्या दोन बिंदूंत मिळून एक, आणि तिसऱ्यात चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एक. ४:२:० मध्ये माहिती निम्मी होते, म्हणजे ८९१ कोटी, आणि जुन्या क्षमतेत बसते. चित्रपटाला याने काहीच होत नाही, कारण ब्लू-रे असो की घरोघरी पाहिले जाणारे ओटीटी, ते मुळातच ४:२:० मध्ये साठवलेले असते. संगणकाच्या अक्षरांचे मात्र हाल होतात. पांढऱ्यावरचे काळे अक्षर शाबूत राहते, कारण त्यात फक्त उजेडाचा फरक आहे, आणि म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. काळ्यावर लाल किंवा लालवर निळे अक्षर काढून जवळून पाहावे. ४:२:२ मध्ये रंग आडवा पसरतो, म्हणून शिरोरेखा टिकते आणि काना ओघळतो. ४:२:० मध्ये शिरोरेखाही जाते आणि अनुस्वाराचा नुसता डाग उरतो.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वात मोलाची सेटिंग इथे आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. टीव्हीला ‘या पोर्टवर संगणक आहे’ असे कळवावे लागते. सॅमसंग आणि एलजीमध्ये इनपुटच्या यादीत त्या पोर्टचे नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करायचे, सोनीमध्ये ‘ग्राफिक्स’ हा पिक्चर मोड निवडायचा. एवढ्याने टीव्ही पूर्ण रंग स्वीकारतो आणि बरेचसे संस्कार बंद करतो. त्याशिवाय अनेक टीव्हींत पोर्टची पूर्ण क्षमता आधी मोकळी करावी लागते; सोनी त्याला ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणते, सॅमसंग ‘इनपुट सिग्नल प्लस’. मग ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडावे. शार्पनेसही पाहून घ्यावा: तो बारकावा वाढवत नाही, फक्त कडांभोवती पांढरी किनार काढतो. तटस्थ जागा काही टीव्हींत शून्यावर असते, काहींत मधोमध, तेव्हा किनार दिसेनाशी होईपर्यंत आकडा खाली आणावा.

काळ्याचा राखाडी होतो त्याचे कारण असे. संगणकासाठी ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. १९८२ मध्ये टीव्हीच्या डिजिटल चित्राचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, तेव्हा संकेत हेलकावला तरी कापला जाऊ नये म्हणून दोन्हीकडे मोकळीक ठेवून काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर बसवला. संगणक १६ पासून पाठवत असेल आणि टीव्ही शून्यापासून वाचत असेल, तर चित्र धुतल्यासारखे फिके होते. उलट झाले, तर सावल्यांतला सगळा तपशील काळ्यात बुडतो. दोन्ही टोकांना एकच पल्ला ठेवला, की काम झाले.

आपण काहीही सांगण्याआधी टीव्ही आणि संगणकाचे आपसांत बोलणे झालेले असते, हेही सांगायला हवे. केबलच्या १८ व्या पिनेतून संगणक पाच व्होल्ट पुरवतो आणि त्यावर टीव्हीतल्या एका इवल्या चिपमधला मजकूर वाचतो; टीव्ही बंद असला तरी हे बोलणे होऊ शकते. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग केवळ १२८ बाइटचा. त्यात कंपनीचे नाव तीन अक्षरांत, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंगांचा पल्ला आणि आवडीचे रिझोल्यूशन असते. निर्मितीचे वर्ष १९९० पासून मोजतात, म्हणजे २०२० चा टीव्ही स्वतःचे वर्ष ३० असे सांगतो. मध्ये ॲडॉप्टर किंवा साउंडबार आला, की हे ओळखपत्र बदलून किंवा कापून पोचू शकते आणि संगणक कमी दर्जाचे चित्र पाठवू लागतो. म्हणून आधी थेट जोडून पाहावे.

केबलबद्दल थोडक्यात. फोर-केला ‘प्रीमियम हाय स्पीड’ पुरते. १२० चित्रांसाठी किंवा ८के साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागते, तिची क्षमता ४,८०० कोटी बिट. केबल कमी पडली, तर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. रंग फिके पडत नाहीत. जुना व्हीजीए हा १९८७ चा ॲनालॉग मार्ग, दुसरा पर्याय नसेल तरच वापरावा.

शेवटची बाब वेगाची. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या शेजारी ५९.९४ असा चमत्कारिक आकडा दिसतो. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्ही आला, तेव्हा रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून चित्रात ठिपके दिसू नयेत म्हणून चित्रांचा वेग हजारात एक भागाने कमी केला. भारतात प्रक्षेपण सुरुवातीपासून ५० हर्ट्झवर चालत आले, आपल्याला या तडजोडीची कधीच गरज नव्हती. तरी पुण्यात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्येही ती असते. चित्रपटांचा वेग २४ चित्रांचा, डिस्कवर बहुधा २३.९७६ चा. तो ६० वर दाखवताना एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथ फिरू लागला की हलका झटका जाणवतो. टीव्ही घेत असेल, तर चित्रपटापुरता वेग २४ किंवा २३.९७६ वर ठेवावा. दूरदर्शनच्या जुन्या मालिका आणि मुलाखती इंटरनेटवर मिळतात, त्यांच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा वेग २५ चित्रांचा. त्या पाहताना ५० हर्ट्झ निवडावे, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसते.